तेच चितळ : तिकडे हौस, इकडे गुन्हा

प्रश्न : माझा भाचा टेक्सासमध्ये नोकरीला आहे. दिवाळीनंतर त्याने मला एक फोटो पाठवला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर तो कुठल्याशा रँचवर गेला होता, आणि तिथे त्या सहकाऱ्याने रीतसर पैसे भरून चितळ मारलं होतं. मी फोटो मोठा करून पाहिला. अगदी आपलं चितळ! तेच ठिपके, तीच तीन टोकांची शिंगं. इकडे आमच्या शेजारच्या गावातली दोन पोरं चितळाच्या मटणापायी तुरुंगात जाऊन आली. मी स्वतः हरभऱ्याच्या दिवसांत रात्र रात्र जागल करतो. कळप शिरला की सकाळी शेतात काय उरतं ते मला ठाऊक आहे, तरी मी कधी वावगं केलं नाही. पण फोटो पाहिल्यापासून एकच गोष्ट डोक्यात घोळते आहे. जनावर तेच, मरणही तेच. मग तिथे ती हौस आणि इथे पाप, असं कसं? यात नीती किती आणि नुसता कायदा किती?
एक शेतकरी वाचक, ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर

उत्तर : ‘जनावर तेच, मरणही तेच’ यातलं पहिलं मला मान्य आहे. दुसरं मान्य नाही, आणि ते का नाही हे सांगण्यातच या उत्तराची बहुतेक जागा जाणार आहे. पण सुरुवात जनावरापासून करू.

चितळ मूळचं भारतीय उपखंडातलं. टेक्सासमध्ये ते १९३२च्या सुमारास नेलं गेलं, रँचच्या कुंपणात ठेवण्यासाठी. पुढे कुंपणं पडली, जनावरं निसटली, आणि आज मध्य टेक्सासच्या टेकड्यांमध्ये चितळांचे मोकळे कळप फिरतात. आपल्या रोह्यांची आणि काळविटांचीही तिथे अशीच वस्ती झाली आहे. कायद्याच्या लेखी ही सगळी परकी जनावरं. तिथल्या मूळच्या पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी शिकारीचा हंगाम ठरलेला असतो, माणशी किती मारायची याची मर्यादा असते. चितळाला दोन्ही लागू नाही. शिकारीचा परवाना आणि जमीनमालकाची संमती असली की बाराही महिने मारता येतं.

याला कारण आहे. चितळ ज्या जंगलात घडलं, त्या जंगलात वाघ होता, बिबट्या होता, रानकुत्र्यांची टोळी होती. त्याची सावध नजर, कळपाने राहणं, वानराच्या हाकेकडे लागलेले कान, हे सगळं त्या तिघांच्या धाकातून आलं. टेक्सासला त्यांतलं कुणीच नाही. चितळ आधी गवत संपवतं आणि मग झुडपांच्या पाल्यावर येतं, ज्या पाल्यावर तिथल्या मूळच्या हरणाची गुजराण असते. हवाई बेटांवर तर हा प्रकार फार पुढे गेला. १८६८मध्ये तिथल्या राजाला, पाचव्या कामेहामेहाला, भेट म्हणून काही चितळं पाठवली होती. ती मोलोकाई बेटावर वाढली, नंतर माऊई बेटावरही नेली गेली. २०२१च्या सुमारास दुष्काळ पडला तेव्हा मोलोकाईवर शेकडो चितळं चाऱ्यावाचून तडफडून मेली. वाघाने मारली असती तर इतके हाल झाले नसते, हे म्हणायला कठोर वाटेल, पण खरं आहे.

इतकं लांब जायचीही गरज नाही. अंदमानात इंग्रजांनी चितळं सोडली. तिथेही त्यांना खाणारं कुणी नव्हतं. त्यांनी कोवळी रोपं चरून जंगलाची नवी वाढ खुंटवली, असं तिथे काम केलेल्या अभ्यासकांनी लिहून ठेवलं आहे. तरी कायद्याचं संरक्षण त्यांना ब्रह्मपुरीतल्या चितळाइतकंच आहे. कायदा चितळाचं नाव बघतो, ते कुठे उभं आहे हे फारसं बघत नाही. नीतीला मात्र ते बघावं लागतं.

ब्रह्मपुरीत ते कुठे उभं आहे? वाघाच्या ताटात. डॉ. उल्लास कारंत यांनी कर्नाटकात नागरहोळेच्या जंगलात वर्षानुवर्षं काम करून एक हिशेब मांडला, तो जंगलखात्यात आता सगळ्यांच्या तोंडी असतो. एका वाघाला वर्षाकाठी साधारण ५० मोठी जनावरं लागतात, आणि ती दरसाल मिळत राहायची तर त्याच्या आवाक्यात अशी ५००च्या आसपास जनावरं असावी लागतात. वाघ दहावा हिस्सा उचलतो, उरलेल्यांची वीण ती तूट भरून काढते. चितळाची मादी एका वेळी बहुधा एकच पाडस देते, त्यामुळे ही तूट भरायला सवड लागते. माणसाने वरून आणखी उचल सुरू केली की हिशेब विस्कटतो. तुमच्या ब्रह्मपुरी विभागात अभयारण्याच्या हद्दीबाहेर किती वाघ वावरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथलं चितळ कमी झालं तर वाघ उपाशी बसून राहणार नाही. तो गोठ्याकडे येतो. शेजारच्या गावातल्या पोरांनी खाल्लेल्या मटणाची किंमत अशी कुणाच्या तरी गाईने, कधी एखाद्या गुराख्याने मोजलेली असते.

आता मरणाकडे येतो.

चोरट्या शिकारीतला फासा कसा असतो तो जवळून पाहायला हवा. मोटारसायकलच्या क्लचची जुनी तार घेतात, तिला सरकगाठ मारतात. पाणवठ्याकडे जाणारी जनावरांची पायवाट हेरतात. वाटेच्या दोन्ही अंगांना काटेरी झापं टाकून मध्ये एवढीच फट ठेवतात की जनावराला तिथूनच जावं लागावं. त्या फटीत, चितळाच्या मानेच्या उंचीला, तारेचं कडं सोडतात आणि दुसरं टोक बुंध्याला बांधतात. हे काम पंधरा-वीस मिनिटांचं. रात्री कळप पाण्याला निघतो. पुढची मादी मान घालते, दचकून उसळी मारते आणि जितकं ओढेल तितकी तार आवळत जाते. मान अडकली तर त्यातल्या त्यात बरं. पाय अडकला तर तार कातडं कापत हाडाला जाऊन टेकते आणि जनावर रात्रभर त्या बुंध्याभोवती फिरत राहतं. सकाळी गस्तीवरच्या वनरक्षकाला आधी दिसते ती उखडलेली गोल माती. गाभण मादी, दूध पिणारं पाडस, बिबट्या, अस्वल, तारेला सगळे सारखे.

आणि तार लावणारा त्या वेळी घरी झोपलेला असतो. तो दुसऱ्या दिवशी येईल, दोन दिवसांनी येईल. गस्तीची चाहूल लागली तर येणारच नाही, मग जनावर तिथेच सडेल. विजेच्या तारेचं तेच. अकरा केव्हीच्या लाइनवर आकडा टाकून शेताच्या कडेने खुंट्यांवर उघडी तार सोडतात. डुकरासाठी म्हणून लावलेल्या करंटने विदर्भात वाघ मेले आहेत, बैल मेले आहेत आणि रात्री राखणीला निघालेली माणसंही मेली आहेत. पाणवठ्यात युरिया कालवणारे तर पाण्यावर येणाऱ्या प्रत्येक जिवावर उठलेले असतात.

मला या सगळ्यात सर्वांत मोठं पाप दिसतं ते हे, की मारणारा हजर नाही. आपण कुणाला मारतो आहोत हे तो बघत नाही, कसं मरतं हे बघत नाही, आणि त्या मरणाबद्दल कुणाला जाब द्यायला बांधील नाही. जीव घेण्याचं काम अनेक समाजांनी अनेक कारणांनी केलं, पण जिथे जिथे त्याला काही नीती होती, तिथे मारणाऱ्याला कुणाला तरी उत्तर द्यावं लागत असे. बोकड कापून खाणाऱ्याने चितळासाठी गळा काढू नये, असा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. वेदनेपुरतं बोलायचं तर तो बरोबर आहे, बोकडाला कमी दुखत नाही. पण बोकडाला कुणीतरी पाजलं, चारलं, राखलं, आणि त्याच्या मरणाचं दायित्व त्या घरावर असतं. फाशात मेलेल्या चितळाचं दायित्व कुणीच घेत नाही.

या कसोटीवर तुमच्या भाच्याच्या सहकाऱ्याला तपासलं तर तो फासा लावणाऱ्यापेक्षा बरा ठरतो, पण पूर्ण निर्दोष ठरत नाही. तो समोर होता. त्याच्यामागे परवाना होता, मालकाची संमती होती. नेम चुकून जनावर जखमी झालं तर माग काढून ते संपवायचं, अर्धमेलं सोडायचं नाही, हा तिथल्या चांगल्या शिकाऱ्यांचा दंडक आहे. थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या मित्रांनी १८८७मध्ये बून अँड क्रॉकेट क्लब काढला. जनावराला निसटायची खरी संधी असल्याशिवाय त्या शिकारीला शिकार म्हणायचं नाही, असा आग्रह या क्लबने धरला. पण टेक्सासच्या कित्येक रँचवर आज काय चालतं? उंच कुंपणाच्या आत, ठरलेल्या वेळेला मका उधळणारं यंत्र लावलेलं असतं. जनावर त्या वेळेला तिथे येतं, समोरच्या खोपटात गिऱ्हाईक बंदूक रोखून बसलेलं असतं, आणि दर ठरतो तो शिंगांच्या लांबीवर. चितळ तिथे परकं आहे, त्याची संख्या आटोक्यात ठेवायला हवी, खाण्यासाठी मारलं तर माझी हरकत नाही. पण भिंतीवर शिंगं टांगण्यासाठी जीव घ्यायचा आणि त्याला खेळ म्हणायचं, हे मला तिथेही गैर वाटतं आणि इथेही.

आपल्याकडे तरी शिकारीला नीती होती का? राजेरजवाड्यांच्या शिकारींबद्दल मला फार प्रेम नाही. कोल्हापूर दरबारात काळविटांवर चित्ते सोडत. चित्ते सांभाळणारे चित्तेवान त्या शहराच्या स्मरणात अजून आहेत. राजांनी स्वतःसाठी राखलेली जंगलं पुढे आपल्याला अभयारण्यं म्हणून मिळाली, दाजीपूरचं त्यांतलंच, १९५८मध्ये जाहीर झालेलं. एवढं श्रेय त्यांना देऊ. खरी शिकण्यासारखी गोष्ट मात्र राजवाड्यात नव्हती, पालावर होती.

माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला होता. त्यांना दिसलं ते असं : एकाच माळावर फिरणाऱ्या तीन जमातींनी जनावरं जणू वाटून घेतली होती. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड धरत. वैदू छोट्या मांसाहारी प्राण्यांच्या मागे असत. काळवीट आणि पक्षी फासेपारध्यांचे. आणि फासेपारध्यांत चाल अशी होती, की फाशात पाडस किंवा गाभण मादी सापडली तर ती सोडून द्यायची. फासाच तो, पण पारधी त्या फाशापाशी असे. पुढच्या वर्षी त्याच माळावर यायचं आहे, ही त्याची बांधिलकी होती. मग १८७१च्या कायद्याने इंग्रजांनी अशा जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारायची सोय केली. १९५२मध्ये तो कायदा गेला, पण शिक्का गेला नाही. माळरानांवर कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, काळवीट कर्जतजवळच्या रेहेकुरीसारख्या तुकड्यांत उरला. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारध्याची शिकार गुन्हा ठरली, आणि ती थांबवणं त्या वेळी आवश्यकच होतं. पण त्याच्या हाताला दुसरं काम कुणी दिलं नाही. २००६च्या वनहक्क कायद्याने जंगलात राहणाऱ्यांना पुष्कळ हक्क परत केले, शिकारीचा मात्र स्पष्ट शब्दांत वगळला. मी तो परत द्या असं म्हणत नाही. आज जंगलं इतकी तुटक उरली आहेत की जुनी वहिवाट त्यांना पेलणार नाही. पण पोटासाठी तितर धरणारा पारधी आणि जीपला सर्चलाइट लावून रात्री शहरातून येणारा बंदूकवाला यांना एकाच मापाने मोजणारा माणूस मला न्यायी वाटत नाही.

तुमच्या शेजारगावच्या पोरांनी काय केलं, कसं केलं, हे पत्रात नाही, म्हणून त्यांचा न्याय मी करत नाही. कायद्यापुरतं सांगतो. जनावर मारणं हा गुन्हा आहेच, मटण जवळ बाळगणंही गुन्हा आहे, आणि मुद्देमाल सापडला तर तो बेकायदा नाही हे दाखवायचा भार ज्याच्याकडे सापडला त्याच्यावर येतो. ‘बोकडाचं आहे’ म्हणून सुटका होत नाही. शिजवलेला तुकडासुद्धा डीएनए तपासणीत ओळखता येतो, हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेत हे काम अनेक वर्षं चालतं.

आता तुमच्या हरभऱ्याकडे. मला वाटतं खरी अडचण इथे आहे, आणि शहरात बसून चितळावर प्रेम करणारे आपण सगळे ती टाळतो.

१९९८मध्ये जोधपूरजवळच्या कांकाणी गावात काळविटांची शिकार झाली. एका मोठ्या चित्रपट अभिनेत्याविरुद्धच्या त्या खटल्यात बिष्णोई गावकरी साक्षीला उभे राहिले आणि वीस वर्षं मागे हटले नाहीत. २०१८मध्ये न्यायालयाने शिक्षा सुनावली, पुढे अपील झालं. आपल्याकडे फासा कुणी लावला हे गावात माहीत असतं, तरी पंचनाम्याला कुणी तोंड उघडत नाही. बिष्णोईंच्या मागे पाचशे वर्षांची धर्मश्रद्धा आहे, ती आपण उसनी आणू शकत नाही. पण आपल्या गावाची चुप्पी श्रद्धेच्या अभावातून येते असं मला वाटत नाही. ती रागातून येते. जनावर सरकारचं, नुकसान माझं, पंचनाम्यासाठी खेटे मीच घालायचे. मग कुणी परस्पर ‘बंदोबस्त’ करत असेल तर मी कशाला अडवू, असं शेतकरी मनात म्हणतो.

पिकाच्या रक्षणासाठी कायद्यात वाट आहे. मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात. रोही आणि रानडुकरांबाबत महाराष्ट्रात अशा परवानग्यांचे आदेश निघालेले आहेत. २०१६मध्ये बिहारमध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज आणून रोही मारले, तेव्हा केंद्रातल्याच दोन मंत्र्यांमध्ये जाहीर खटका उडाला होता. त्या कत्तलीला मी चोरटी शिकार म्हणणार नाही, कारण हुकूम कागदावर होता, मारणारे कोण हे ठाऊक होतं. मध्य प्रदेशाने २०२५मध्ये शाजापूरकडच्या शेतांतून शेकडो काळवीट हेलिकॉप्टरने हाकून, बोमा नावाच्या नरसाळ्यासारख्या कुंपणात घेऊन, दुसऱ्या जंगलांत नेऊन सोडले. खर्चीक काम, पण गोळी न झाडता झालं.

ब्रह्मपुरीच्या चितळाला मात्र गोळी घालायला मी संमती देणार नाही, कारण वर सांगितलेला वाघ. तिथे उपाय वेगळा हवा. सौर कुंपण, झटका मशीन, जनवन योजनेचं अनुदान, गावाने मिळून जागल, हे तुम्ही करतच असाल. मला त्यापुढे जाऊन एक म्हणायचं आहे. तुमच्या हरभऱ्यावर पोसलेलं चितळ वाघाच्या पोटात जातं. तो वाघ बघायला ताडोब्यात देशोदेशीचे लोक पैसे मोजतात. म्हणजे वाघाच्या खाण्याचा काही भाग तुम्ही पुरवता, स्वतःच्या खिशातून, कुणी न मागता. तुम्हाला मिळतो तो पैसा ‘नुकसानभरपाई’ म्हणून, उपकार केल्यासारखा, उशिरा आणि कापून. तो चाऱ्याचा मोबदला म्हणून, हंगाम संपण्याआधी, हक्काने मिळाला पाहिजे. पर्यटनाच्या उत्पन्नातून मिळाला तर अधिक योग्य. ज्या दिवशी चितळ जिवंत राहण्यात गावाचा उघड फायदा असेल, त्या दिवशी फासा लावणाऱ्याला उत्तर द्यावं लागेल ते वनरक्षकाआधी शेजाऱ्याला.

भाच्याला एवढं कळवा, की फोटोतल्या चितळाचं त्याला वाईट वाटलं असेल तर ते साहजिक आहे. मटण खाल्लं असेल तर त्यात मला दोष दिसत नाही. शिंगं मात्र भेट म्हणून दिली तरी भारतात आणायच्या भानगडीत पडू नकोस, असंही सांगा. विमानतळावर अडचणीत येईल.

शिंगांवरून आठवलं. याच विषयावर कोकणातल्या एका वाचकाचं छोटं पत्र आलं आहे. त्यांच्या घरात आजोबांच्या वेळचं सांबराचं शिंग आहे, आणि शेतात एकदा गळून पडलेलं चितळाचं शिंगही सापडलं. ‘दोन्ही ठेवली तर चालतील का?’ असं ते विचारतात.

सांबर आणि चितळ यांची शिंगं गळतात आणि पुन्हा येतात, त्यामुळे सापडलेल्या शिंगासाठी कुणी जनावर मारलेलं नसतं, हे खरं. तरीही ते घरी ठेवू नका. गळालेल्या शिंगांना बाजार मिळाला की मारून काढलेली शिंगंही ‘सापडली’ म्हणून त्याच पोत्यातून जातात, म्हणून कायदा दोन्हींत फरक करत नाही. ते शिंग सरकारची मालमत्ता आहे. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे नेऊन द्या आणि पोच घ्या. आजोबांच्या शिंगासाठी घरातले जुने कागद शोधा. अशा वस्तू जाहीर करायला सरकारने २००३मध्ये १८० दिवसांची मुदत दिली होती. त्या वेळी कुणी अर्ज केला असेल तर मालकीचा दाखला असेल, आणि वारसाने तो आपल्या नावे कळवायचा असतो. दाखला नसेल तर तेही शिंग लेखी अर्जासह जमा करा. विकू नका, कुणाला भेटही देऊ नका.